नायिका भुरी, मुक्काम पार्किंग

शेळीला लिफ्टने न्यावं की जिन्याने, यावर आमच्या सोसायटीच्या नियमावलीत एक अक्षर नाही. मी ती नीट वाचली आहे. कुत्रा आहे, मांजर आहे, पोपट आहे, माशांची पेटी कुठे ठेवावी हेसुद्धा आहे. पण नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या तीन मजली ‘वृंदावन हाइट्स’मध्ये एखादा सरळमार्गी गृहस्थ शेळी घेऊन येईल, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसावं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं.

झालं असं, की आमची सायली ॲनिमेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. हे मी लोकांना सांगत नाही. लोकांना मी सांगतो, ‘कॉम्प्युटरचं करते.’ एकदा खरं सांगून पाहिलं होतं, तर सातपूरच्या आमच्या कंपनीतले एक सहकारी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे कार्टून? आणि मग पोटापाण्याचं काय?” तेव्हापासून मी कॉम्प्युटर या भरभक्कम शब्दामागे उभा राहतो. त्या शब्दाला कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही.

पोटापाण्याचा विचार मी केला नव्हता असं नाही. कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात मोठ्या साहेबांकडे मी शब्द टाकून ठेवला होता. सायलीने ऑटोकॅडचा क्लास लावायचा आणि रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून सातपूरला यायचं, असं एक सुखाचं चित्र मी मनात काढून ठेवलं होतं. शेवटी बापलेकीत तह झाला. तिची फिल्म शेवटच्या रिव्ह्यूला पास झाली, तर तिने मनाला येईल ते करावं. नाही झाली, तर मुकाट्याने ऑटोकॅड. अट तिनेच घातली होती, हे महत्त्वाचं.

आणि फिल्म तर गटांगळ्या खात होती. तिची नायिका होती एक शेळी. सगळा कळप मालकामागून खाली गोठ्याकडे जातो आणि ही एकटी कडा चढून वर जाते, एवढीच गोष्ट. सायलीने तिला खंबीर करायचं म्हणून लांडग्याशी कराटे खेळायला लावलं होतं, पुढचे दोन पाय कमरेवर ठेवायला लावले होते आणि कड्यावर चढण्याआधी एक भाषणही दिलं होतं. तिचे गाइड सर पाहून म्हणाले, “तुमची हिरॉइन खंबीर आहे असं तुम्ही म्हणता. मला ती नुसती चिडलेली दिसते. स्वभाव कुठाय? सोमवारी शेवटचा रिव्ह्यू. तोपर्यंत हिला स्वभाव द्या, नाहीतर राहू द्या.”

त्या रात्री जेवताना आमच्याकडे स्वभाव या विषयावर चर्चा झाली. मी कंपनीत क्वालिटीला आहे. नटबोल्टला गेज लावायचं. बसलं तर पास, नाही बसलं तर रिजेक्ट. स्वभावाला असं गेज नसतं, ही या जगातली मोठी गैरसोय आहे.

“सायली, तू शेळी पाहिली आहेस का कधी?” मी विचारलं.

“पाहिली ना, पप्पा. कितीतरी व्हिडिओ पाहिले.”

“जिवंत?”

“व्हिडिओत जिवंतच होत्या.”

मी चमचा खाली ठेवला. आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये बारकू म्हणून आहे, त्याचं घर इगतपुरीच्या पुढे, घरी शेळ्या. बायको, म्हणजे मोहिनी, म्हणाली, “अहो, मग पोरीला घेऊन तिकडेच जा की.” सूचना बरी होती, पण इगतपुरीला त्या दिवसांत जो पाऊस असतो त्यात सायलीचा चित्रं काढायचा टॅबलेट म्हणजे पाण्यात गेलेला मोबाइल. तेव्हा शेळीनेच नाशिकला यावं असं ठरलं. असे निर्णय घेताना घरात कोणी मला अडवत नाही आणि नंतर मात्र सगळे म्हणतात, आम्हाला वाटलंच होतं.

“साहेब, दुसरी कोनतीबी न्या,” बारकू म्हणाला. “भुरी लय हट्टी हाय. कोनाच्या बापाचं ऐकत नाय.”

“तीच दे,” मी म्हणालो. “आम्हाला हट्टीच हवी आहे.” बारकूने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं, पण दिली.

भुरी टेम्पोतून उतरली ती बारकूच्या हाताने, आणि बारकू गेल्यावर ती माझी झाली. राखी रंग, एक कान जरा दुमडलेला, दाढी. लिफ्टचं दार उघडलं, तिने आत पाहिलं, आरशात आणखी एक शेळी दिसली, ती तिला पसंत पडली नाही. जिना दाखवला, तोही नापसंत. मी दावं ओढलं, तशी ती खाली बसली. मग माझी स्कूटर बाहेर रस्त्यावर गेली आणि आमच्या हक्काच्या पार्किंगमध्ये भुरी राहायला आली. सायलीने समोर प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि टॅबलेट मांडीवर घेऊन बसली.

थोड्याच वेळात वाल्मीक आप्पा आले. आप्पा म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. शेतकी खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. कोणतीही गोष्ट दिसली की ते आधी तिचा मालक शोधतात.

“ही कोणी आणली?”

“मी, आप्पा.”

“कशासाठी?”

आता इथे मी ‘कार्टूनसाठी’ म्हणायला हवं होतं. शब्द ओठापर्यंत आला आणि तिथे बसला, भुरीसारखाच. “घरचंच आहे एक,” मी म्हणालो.

आप्पांनी शेळीकडे पाहिलं. मग आकाशाकडे पाहिलं, जणू तिथे कॅलेंडर टांगलं होतं. श्रावणाचा शेवटचा आठवडा चालू होता. त्यांचा चेहरा बघता बघता मऊ झाला.

“कधीपर्यंत आहे?”

“रविवारपर्यंत.”

“रविवार!” आप्पा म्हणाले. “अगदी योग्य. शनिवारी पोळा, श्रावण संपला. सोमवारी लोकांचे उपास, मंगळवारी हरतालिका, मग गणपती बसले की आपण अडकलो. मधे रविवारच काय तो मोकळा. फार विचार करून दिवस धरलात, धनराजराव.”

“परवानगीचा अर्ज देऊ का?”

“कसला अर्ज? सोसायटी म्हणजे काय परकं आहे? घरच आहे ते,” असं म्हणून आप्पांनी माझा खांदा थोपटला. मला भरून आलं. नळाचा वायसर बदलायलासुद्धा ज्या माणसाने माझ्याकडून अर्ज घेतला होता, तो हा असा बोलत होता.

वाचणाऱ्याच्या लक्षात काय ते आलंच असेल. ज्या गावात महिनाभर लोक भेंडी आणि साबुदाण्यावर दिवस काढतात, तिथे पोळ्याच्या तोंडावर एका गृहस्थाने दारात शेळी बांधली, तर त्याचा अर्थ एकच होतो. याने नवस बोललाय आणि रविवारी मटणाचं जेवण आहे. अख्ख्या वृंदावन हाइट्सला हे कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त मला, कारण माझं डोकं नायिकेच्या स्वभावात गुंतलं होतं.

त्यानंतरचे दिवस आमच्या आयुष्यातले फार मानाचे गेले. समोरच्या फ्लॅटमधल्या मंजुषाताई, ज्या आमच्या चपला त्यांच्या पायपुसण्यावर आल्या तरी बोलून दाखवतात, त्या भिजवलेला मका घेऊन आल्या. “खाऊ द्या हो पोटभर. अंगावर धरलं पाहिजे,” म्हणाल्या. वरच्या मजल्यावरच्यांनी भाकऱ्या पाठवल्या. एक जण खास येऊन सांगून गेले, “आमच्याकडे मोठं पातेलं आहे, लग्नातलं. लाजू नका.” मी म्हणालो, कशाला, तिला बादली पुरते. ते खूप हसले. मीही हसलो, कारण चारचौघांत हसलेलं बरं असतं.

“इतके प्राणिप्रेमी लोक आपल्या बिल्डिंगमध्ये असतील, असं वाटलं नव्हतं,” मी मोहिनीला म्हणालो. मोहिनीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती.

भुरी आपल्या जागी रमली होती. पाण्याची टाकी साफ होणार असल्याची सूचना तिने फळ्यावरून काढून खाल्ली, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडाला साबण आणि नळाला पाणी नाही, असं झालं. मंजुषाताईंच्या कुंडीतला कढीपत्ता तिने काडीपर्यंत संपवला. आणि एका सकाळी ती आप्पांच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर चढून उभी राहिली. चारी खूर एकत्र, मान वर, नजर थेट अंबड लिंक रोडच्या दिशेने. मी जागच्या जागी थिजलो. आप्पा दुधाची पिशवी घेऊन येत होते.

“असू द्या, असू द्या,” आप्पा म्हणाले. “किती दिवसांची सोबती आहे बिचारी.” त्यांचे डोळे खरोखर ओलावले होते.

एकटी सायली वैतागलेली होती. “पप्पा, ही काहीच करत नाही. ओरडत नाही, चिडत नाही. नुसती बघते.”

“तिला संघर्ष दे,” मी म्हणालो. कथा-कादंबऱ्या मीही वाचल्या आहेत. मी दावं हातात घेतलं आणि संघर्ष द्यायला ओढलं. भुरी बसली. आणखी ओढलं, तशी ती जमिनीला चिकटली. मग मी पाय रोवून, दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून ओढलं, आणि नेमकी त्याच वेळी ती उठली. मी बनियनवर होतो, तो पाठीवर आपटलो आणि डोक्यासकट आप्पांच्या गाडीखाली गेलो. सायलीने येऊन हात द्यावा, अशी माझी अपेक्षा होती. ती भराभर चित्र काढत होती.

मंजुषाताईंनी वरून तिला शेळीचं चित्र काढताना पाहिलं आणि लगबगीने मोहिनीकडे आल्या. “किती जीव लावलाय हो पोरीने! रविवारी तिला मामाकडे तरी पाठवा. तिच्यादेखत नको.” मोहिनीने मला विचारलं, रविवारी सायलीदेखत काय नको? मी म्हणालो, उन्हात बसून चित्र काढून डोळे बिघडतात, त्याबद्दल म्हणत असतील. माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं, ही माझी जुनी सवय आहे.

शनिवारी पोळ्याची पुरणपोळी जिरायच्या आत, संध्याकाळी, आप्पा गोटीराम आचाऱ्याला घेऊन आले. त्यांच्या मागे पातेलंवाले, मंजुषाताई आणि अर्धी बिल्डिंग. गोटीराम उकिडवा बसला, भुरीच्या पाठीवरून हात फिरवला, वाकून खाली पाहिलं आणि उठला.

“आप्पा, ही तं शेळी हे.”

“मग काय म्हैस असणार आहे?”

“नवसाला बोकड लागतो हो! मादी कोन कापतं? आन् ही तं गाभण हे.”

 माझ्या डोक्यात मका, भाकऱ्या, पातेलं आणि मामा हे सगळं एकामागोमाग एक जागेवर बसत गेलं. सायली उठून भुरीपुढे जाऊन उभी राहिली.

“धनराजराव,” आप्पा हळू आवाजात म्हणाले, “रविवारी नक्की काय आहे?”

“काही नाही. सोमवारी सायलीचा रिव्ह्यू आहे. फिल्मचा.”

“कसली फिल्म?”

आता पळायला जागा नव्हती. “कार्टून,” मी म्हणालो.

“अख्खा श्रावण भेंडीवर काढला,” आप्पा म्हणाले. आणि मग नियमावली पहिल्या पानापासून सुरू झाली. बॉनेटवरचे ओरखडे, खाल्लेली सूचना, सार्वजनिक जागेचा खाजगी वापर. मंजुषाताईंना कढीपत्ता आठवला. पातेलंवाले म्हणाले की त्यांना पहिल्यापासूनच वास येत होता. उद्या सकाळी शेळी बाहेर, असा ठराव तिथल्या तिथे, सर्वानुमते पास झाला. आमच्या सोसायटीत सर्वानुमते झालेला हा पहिला ठराव. अर्धी बिल्डिंग मला ‘फसवलंत’ म्हणून जिना चढून गेली. मी कोणाला जेवायला बोलावलं नव्हतं, हे माझं म्हणणं कोणी ऐकून घेतलं नाही.

रविवारी सकाळी बारकू टेम्पो घेऊन आला, फळी लावली, आणि भुरी बसली.

मी पुढून दावं ओढत होतो, बारकू मागून लोटत होता. मग ठरावाच्या अंमलबजावणीसाठी आप्पा स्वतः उतरले. “मागचे पाय उचला! कान धरा! कान नको, शेपूट!” असे हुकूम त्यांनी सुरू केले. मंजुषाताई टेम्पोत चढून मक्याचं कणीस दाखवू लागल्या. पातेलंवाल्यांनी पोटाखालून चादर घालून उचलायची कल्पना काढली. ती गाभण शेळी आहे म्हणून सायली ओरडली, तेव्हा चादर त्यांच्याच पायात अडकली आणि ते आप्पांच्या अंगावर गेले. बारकू म्हणाला, “म्या सांगितलं व्हतं, साहेब.” हे वाक्य त्या सकाळी ऐकायची माझी तयारी नव्हती.

शेवटी आम्ही हरलो. आप्पा जिन्याच्या पायरीवर बसून उपरण्याने घाम पुसायला लागले. मी भिंतीला टेकलो. मंजुषाताई टेम्पोतून उतरल्या आणि कणीस स्वतःच खाऊ लागल्या. दावं जमिनीवर पडलं होतं. भुरीकडे कोणी पाहतही नव्हतं.

तेव्हा भुरी उठली. अंग झटकलं. फळीचा वास घेतला, टेम्पोत डोकावून पाहिलं, मग मान वळवून आम्हा सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. आणि टपटप फळी चढून आत गेली. आत जाऊन वळली आणि तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली.

सायलीचा हात टॅबलेटवर तसाच थांबला होता. “पप्पा,” ती हळूच म्हणाली, “तिला जायचं नव्हतं, असं नाहीच मुळी. तिला नेलेलं नको होतं.” आणि जिन्यावरून धावत वर गेली. त्या दिवशी तिचं जेवणाचं ताट मोहिनीने दोनदा गरम केलं.

सोमवारी इन्स्टिट्यूटमध्ये पालकांनाही बोलावलं होतं. फिल्म सुरू झाली, अजून नुसत्या कच्च्या रेघांत. कराटे नव्हतं, भाषण नव्हतं, कमरेवर पाय नव्हते. शेळी होती. मालक ओढतो, ती बसते. सगळं गाव येऊन ओढतं, ती बसूनच. मग सगळे थकतात, आणि ती उठते, कड्याचा वास घेते, वळून एकदा सगळ्यांकडे पाहते, आणि चढू लागते. घाई नाही, राग नाही. 

“बदल चांगला आहे,” गाइड सर म्हणाले. “पण हिरॉइन आहे ना? लोकांना आवडली पाहिजे. लांब पापण्या द्या, वळून बघते तिथे एक स्माइल द्या. एवढं करा, मी आत्ता सही करतो.”

“नाही सर,” सायली म्हणाली.

“मग मला विचार करावा लागेल.”

मी पुढे वाकलो. “अगं, दे करून. दोन पापण्यांचा तर प्रश्न आहे,” मी कुजबुजलो. सायलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं. ही नजर मी आप्पांच्या बॉनेटवर पाहिली होती.

फिल्म पडली असती, तर पोरगी रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून सातपूरला आली असती. डबा एकत्र खाल्ला असता. वर्षभर मला दुसरं काही नको होतं. आणि तरीही त्या क्षणी तिने हरावं असं मला जराही वाटत नव्हतं. मी माझी खुर्ची मागे सरकवली आणि हाताची घडी घालून बसलो.

सरांनी पेनचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सायली जागची हलली नाही. शेवटी सरांनी फिल्म पुन्हा लावली. मालक पाठीवर पडतो तिथे ते खुदकन हसले आणि शेळी वळून बघते तिथे हसायचे थांबले. “राहू द्या अशीच,” ते म्हणाले. “पण लोकांना आवडेलच याची मी खात्री देत नाही.”

“तिला तरी कुठे पर्वा आहे, सर,” सायली म्हणाली, आणि सरांनी सही केली.

गणपतीत, पार्किंगमध्ये, भुरीच्याच जागेवर पांढरी चादर बांधून आम्ही फिल्म दाखवली. त्या फिल्ममधला मालक ढेरपोट्या आहे, बनियनवर आहे आणि पडताना माझ्यासारखंच ‘अगंऽ’ म्हणतो, हे मला रिव्ह्यूच्या गडबडीत दिसलं नव्हतं. इथे सगळ्या बिल्डिंगला दिसलं. “तुमचं पडणं फार छान जमलंय हो,” मोहिनी म्हणाली. मिशीवाला, नुसते हुकूम सोडणारा पाटील दिसला, तेव्हा आप्पा उठून उभे राहिले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगू लागले, “हा मी!” मंजुषाताईंचं मत पापण्या हव्या होत्या असंच पडलं. पातेलंवाल्यांनी विचारलं, ती शेळी सध्या कशी आहे? दोन करडं झाली म्हटल्यावर त्यांनी एक सुस्कारा सोडला, त्याचा अर्थ मी लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. ड्रॉइंग ऑफिसातली जागा अजून रिकामी होती. मी सांगितलं, मुलगी येणार नाही, ती कार्टून करते. पहिल्यांदाच तो शब्द सरळ तोंडातून बाहेर पडला, आणि कुठेही काही कोसळलं नाही.

“अहो, अशी संधी पुन्हा येत नाही,” साहेब म्हणाले. “तुम्ही बाप आहात. जरा जोर लावा की.”

“साहेब,” मी म्हणालो, “तुम्ही कधी शेळी टेम्पोत चढवली आहे का?”